माझं नाव, त्यांचा पॅच

आधी काकूंचं सांगतो. नंतर सांगू म्हटलं तर रागाच्या भरात राहून जाईल, आणि ते राहून गेलेलं मला चालणार नाही.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. सिडकोत त्यांचं घर आहे. खाली त्या एकट्या राहतात, वर गच्चीला लागून माझी खोली. ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात त्यांनी उभी नोकरी काढली आणि आता निवृत्त आहेत. माझं-त्यांचं नातं भाडेकरूचं. रक्ताचं नाही, जातीचं नाही, गावाचं तर नाहीच नाही. माझं गाव गडचिरोलीच्या पार टोकाला, जिथं होडी नदीपलीकडे लागली की लोक तेलुगू बोलतात. नाशिकहून तिथं पोचायला एवढी वाहनं बदलावी लागतात की आई मला ‘परदेशात असतो’ असंच सांगते शेजारणींना. इथं सुरुवातीला माझं बोलणं ऐकून लोक विचारायचे, “तू महाराष्ट्रातलाच का रे?” काकूंनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “पाणी सकाळीच येतं, उठशील ना?”

त्या नसत्या तर ह्या प्रकरणात मी एक तर गप्प बसलो असतो, नाहीतर शिव्या घालून मोकळा झालो असतो. दोन्हीत माझंच वाटोळं होतं.

आता काय झालं ते.

मी नववीतून शाळा सोडली. वडिलांनी अंथरूण धरलं, आणि मिरची तोडायला नदीपलीकडे आईबरोबर जायला दुसरं कुणी नव्हतं. पुढे मोबाइलचे टॉवर उभारणाऱ्या टोळीबरोबर हिंडत हिंडत नाशिकला आलो. टोळी गेली, मी राहिलो. एम. जी. रोडला एका दुकानात फोन दुरुस्त करायला लागलो. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेले जुने फोन असतात ना, त्यांच्यात फुकटची, सगळ्यांना उघडी असलेली सिस्टीम घालायचा नाद तिथं लागला. आणि त्या नादातून मी अशा कामात शिरलो जे मला आजही आईला नीट सांगता येत नाही.

इथं सांगून बघतो. यंत्रातला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड चालू होतो तेव्हा त्यातल्या सिस्टीमला आपल्या अंगावर काय काय बसवलंय ते कळत नाही. कुणीतरी लिहून द्यावं लागतं: इथं तापमान मोजायची चिप आहे, तिचं नाव हे, ती ह्या तारेवर बसलीय, आणि तापमान हाताबाहेर गेलं तर ती अलार्म ह्या पिनेवर देते. बोर्डाचं हे वर्णन. सिस्टीमचा जो गाभा असतो, कर्नल म्हणतात त्याला, तो जगभरातले लोक मिळून लिहितात, आणि त्यात अशी हजारो बोर्डांची वर्णनं आहेत. कुणाला त्यात भर घालायची असली की तो ‘पॅच’ पाठवतो, सगळ्यांना दिसेल असा, मेलवर. मग बाकीचे तो तपासतात. ज्यानं तपासला आणि ज्याला पटला, तो खाली एक ओळ लिहितो. ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि पुढे आपलं नाव. ‘मी हे तपासलं’ एवढाच अर्थ. पॅच आत गेला की ती ओळही त्याच्याबरोबर आत जाते आणि मग तिथून हलत नाही.

काकूंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कर्नल? तुझी मिलिटरीत ओळख कधीपासून?”

“तो कर्नल नाही काकू. हा म्हणजे गाभा. दाण्यातला गर असतो तसा.”

“मग गर म्हण की. उगाच मिशीवाला डोळ्यांपुढे येतो.”

मी पॅच पाठवायचो कमी, तपासायचो जास्त. पैसे नव्हते त्यात. पण तिथं कुणी मार्कशीट मागत नव्हतं. मोडक्या इंग्रजीत मी लिहायचो, ‘ह्या चिपचा पत्ता चुकलाय, चिपच्या कंपनीचा माहितीचा कागद बघा’, आणि समोरचा, कुठल्या देशातला कोण जाणे, उत्तर द्यायचा, ‘बरोबर, पुढच्या वेळी सुधारतो’. पहिल्यांदा असं उत्तर आलं तेव्हा मी दुकानातून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. मला शाळेत गुरुजींनीसुद्धा कधी ‘बरोबर’ म्हटलं नव्हतं. हळूहळू माझं नाव तिथं ओळखीचं झालं. माझ्याकडे दाखला म्हणाल तर तेवढाच. दहावीचा नाही, कुठला नाही. त्या ओळीतलं नाव, बस.

त्या कामाचा एक नियम आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच फिरतं. बोर्ड जसा आहे तसा लिहायचा. तुम्हाला तो कसा चालवायचाय, ते तिथं लिहायचं नाही. दुसरा नियम नावाचा. नवी चिप जुन्या एखाद्या चिपसारखी चालत असली तरी आधी तिचं स्वतःचं नाव लिहायचं आणि मग ती कुणासारखी चालते त्या जुनीचं. लग्नात ओळख करून देतात तशी. आधी माणसाचं नाव, मग ‘अमक्यांचे जावई’. नुसतं ‘अमक्यांचे जावई’ म्हणून सोडून दिलं तर उद्या भांडण झाल्यावर शोधायचं कुणाला?

ह्याच कामावरून मला अंबडला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. द्राक्षं तोडल्यावर ज्या थंड खोल्यांत ठेवतात, त्या खोल्यांचे कंट्रोलर ही कंपनी बनवते. कंपनीचे मालक, मी त्यांना सर म्हणायचो, माझ्याहून फार मोठे नाहीत. चांगलं शिकलेले, हुशार, हसतमुख. मुलाखतीत त्यांनी मला शिक्षण विचारलंच नाही. माझं नाव मेलमध्ये वाचलेलं त्यांनी. म्हणाले, “तू तोच ना? ये, बस.” टेबल दिलं, खुर्ची दिली. मी रोज संध्याकाळी निघताना त्यांना ‘थँक्यू सर’ म्हणायचो. रोज. त्यांनाच कधीतरी अवघडायला व्हायचं. “अरे, पगार देतो मी तुला, भीक नाही,” असं एकदा म्हणाले. मला ते फार मोठं वाटलं होतं. आज ते आठवलं की दात आवळले जातात.

मावसभावाचं लग्न होतं म्हणून मी गावी गेलो. जायच्या आधी नवा बोर्ड टेबलावर आला होता, नमुन्याचा. मी तो हातात घेऊन इकडून तिकडून बघितला आणि ‘आल्यावर बघू’ म्हणून ठेवून दिला. गावात फोनला रेंज नाही. मेल बघायचा प्रश्नच नव्हता.

परत आलो. सकाळी गच्चीत चहा घेऊन बसलो आणि साचलेले मेल चाळायला लागलो. सरांनी स्वतः नव्या बोर्डाचा पॅच पाठवला होता. बरं वाटलं. उघडला. वाचत खाली आलो, आणि शेवटी, सरांच्या सहीच्या वर, माझं नाव होतं. रिव्ह्यूड-बाय. माझं नाव, माझा मेलचा पत्ता, सगळं बिनचूक. मी न वाचलेला पॅच मी तपासला होता.

मला आधी वाटलं मीच विसरलो. खरंच. मी असाच आहे. खोलीला कुलूप लावून रस्त्यापर्यंत गेलो तरी परत येऊन ओढून बघतो. म्हणून मी माझे पाठवलेले मेल उलटसुलट शोधले. कुठंच नव्हतं. मग चहा तसाच टाकून पॅच पुन्हा वाचला, ह्या वेळी रिव्ह्यू करतात तसा. त्यात चिप जुनीच लिहिली होती, आधीच्या बोर्डावरची. पण नमुना हातात घेतला होता तेव्हा त्यावरची चिप मला जरा वेगळी वाटली होती, एवढं पक्कं आठवत होतं. आणि अलार्मची तार पॅचमध्ये नव्हतीच. जुन्या बोर्डाच्या वर्णनात ती होती. ह्यात ती ओळच गायब.

कंपनीत पोचलो तेव्हा सर आनंदात होते.

“आलास! लग्न काय म्हणतंय? लाडू आणलेस का?”

“सर, पॅचखाली माझं नाव आहे.”

“हो, मग? तू नव्हतास, म्हटलं थांबायला नको. सीझन तोंडावर आलाय. द्राक्षं भरून पाठवणाऱ्या पॅकहाऊसवाल्यांना दाखवायचंय की आपला बोर्ड मेन कर्नलमध्ये आहे.”

“पण मी तपासला नाही.”

“अरे, बघितलास की! माझ्यासमोर बघितलास. असा हातात धरून.”

“बोर्ड बघितला. पॅच नाही बघितला. आणि त्यावरची चिप जुनी नाही वाटत.”

सर जरा थांबले. त्यांना माहीत होतं. हे मला त्यांच्या थांबण्यावरून कळलं, आणि पहिला खरा राग मला तिथं आला. चुकले असते तर मी चुकीबद्दल एक अक्षर काढलं नसतं. चुकायला आम्ही सगळेच चुकतो, तपासणी असते ती त्यासाठीच.

“जुनी मिळत नव्हती,” ते म्हणाले. “सप्लायरनं दुसरी दिली. सेम टू सेम आहे.”

“सेम टू सेम असेल तर अलार्मची तार का काढली?”

“ती उलटी चालते रे. जुनी अलार्म देताना पिन खाली ओढते, ही वर करते. सिस्टीम सारखीच बोंबलायला लागली. म्हटलं ओळच काढून टाकू. तसंही आपण दर मिनिटाला तापमान वाचतोच की. अलार्म हवाय कुणाला?”

“मग तसं लिहा ना सर. नवी चिप लिहा, उलटी तार लिहा.”

“नव्या चिपचं नाव आधी तिथं मंजूर करून घ्यायचं, मग त्यावर चर्चा, मग तुझे ते लोक ओळींमधल्या मोकळ्या जागासुद्धा मोजत बसणार. सीझन निघून जाईल. आणि तुझं नाव असलं की ते फार खोलात जात नाहीत, म्हणून तर—” इथं ते हसले. “तू आपला माणूस ना?”

“माझं नाव काढा सर.”

“आता कसं काढू? सगळ्या जगाला गेलंय ते.” आणि मग आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात, “हे बघ, नववीत शाळा सोडलेल्या माणसाला टेबल-खुर्ची कोण देतं नाशिकमध्ये? मी दिली. मी कधी बोललो का? एका ओळीसाठी तू माझ्यापुढं उभा राहतोस होय?”

आणि मी म्हणालो, “आभारी आहे सर.”

हे मी म्हणालो. माझ्या तोंडातून ते बाहेर पडलं, जांभई पडावी तसं. त्या दिवशी सरांचा जेवढा राग आला त्याच्या दुप्पट मला त्या दोन शब्दांचा आला. उपकारानं वाकलेल्या माणसाला राग आला तरी तो हात जोडूनच येतो, असला कसला राग! दिवसभर मी टेबलाशी बसलो आणि एक बोर्ड धड तपासला नाही.

संध्याकाळी घरी आलो तर काकू फाटकात भाजीवालीशी भांडत होत्या. ती मखमलाबादकडची, स्वतःच्या मळ्यातली भाजी आणते.

“काकू, लय कवळी हाय मेथी. सकाळीच उपटली.”

“सकाळी उपटली तर ही पानं पिवळी कशी? काल पाणी मारून ठेवलीस तू.”

“तुमच्यापुढं नाय बाई चालायचं काही. कारखान्यात विमानं बी अशीच परत धाडायच्या का?”

“धाडायचे. ती जुडी ठेव, ती दुसरी दे.”

माझं तोंड बघून काकूंनी मला वर जाऊच दिलं नाही. स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात मेथी टाकली, म्हणाल्या, “निवड. आणि बोल.”

मी बोललो. बोलता बोलता लॅपटॉप काढला आणि कंपनीतल्या टेबलावर बसून लिहिलेला मेल त्यांना मराठी करून वाचून दाखवला. तो मला त्या सगळ्या जगाला पाठवायचा होता. त्याची सुरुवात होती, ‘माफ करा, तुमचा अमूल्य वेळ घेतोय’. मग होतं, ‘हा माणूस चोर आहे’. मग ‘मी गरीब आहे, शिकलेला नाही, म्हणून माझं नाव चोरलं’. मग पुन्हा माफी. मग सरांनी मुलाखतीपासून आजवर काय काय म्हटलं ते. मग शेवटी, ‘पुन्हा एकदा माफ करा’.

काकूंनी मेथीचं देठ मोडलं. “चोर कशावरून?”

“नाव चोरलं ना काकू!”

“ते दिसतंय. लिहायची काय गरज? आणि माफी कशाची मागतोस? तू काय केलंस?”

“तशी पद्धत असते.”

“कुणाची पद्धत? तुझी.” त्या उठून हात धुऊन आल्या. “आम्हाला शिक्के असायचे. तपासणीच्या प्रत्येक माणसाचा आपला शिक्का, त्यावर नाव नाही, नंबर. तुकडा तपासला, बरोबर निघाला, की कागदावर तो उठवायचा. माझा शिक्का माझ्या कमरेच्या पिशवीत. बाळंतपणाला गेले तेव्हा जमा करून, पोच घेऊन गेले. एकदा आमचे एक साहेब म्हणाले, बाई, जेवायला चाललात तर शिक्का टेबलावर ठेवून जा, दोनच तुकडे सोडायचेत. मी म्हटलं, साहेब, मंगळसूत्र पण ठेवून जाऊ का?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“सगळं खातं हसलं होतं. साहेब पुढं कितीतरी महिने बोलला नाही माझ्याशी. पण उद्या ते विमान पडलं असतं तर त्या नंबरानं माझंच दार शोधलं असतं ना? साहेबाचं नाही. शिक्का उसना देत नाहीत. आणि तुला तर त्यानं मागितलासुद्धा नाही. मेल्यानं खिशातून काढून मारला आणि वर तुलाच उपकार सांगतोय!” आता त्यांचाच आवाज चढला होता. “पाठव त्याला माझ्याकडं.”

मग एकदम त्यांनी विचारलं, “ती चिप वेगळी आहे हे तू स्वतः वाचलंस का? तिच्यावरचं नाव?”

“सर स्वतःच बोलले की.”

“साहेब बोलला हा तपास झाला का? त्यानं उद्या सांगितलं, मी असं बोललोच नाही, मग? उद्या जा आणि बोर्ड हातात घे. जे दिसेल ते लिही. मग बघू पाठवायचं का.”

“काकू, नोकरी जाईल.”

“जाईल,” त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही त्यांनी. “खोली जायची नाही. खोली माझी आहे, तुझ्या साहेबाची नाही.”

हे वाक्य त्यांनी मेथी चिरता चिरता म्हटलं, वरसुद्धा न बघता. पण गाव सोडल्यापासून माझ्या पोटात जी एक भीती कायमची बसलेली असते, की एक धागा सुटला की सगळंच उसवणार, ती त्या वेळी पहिल्यांदा जरा सैल झाली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलो, भिंगाखाली बोर्ड धरला आणि चिपवरची अक्षरं वाचली. दुसरंच नाव होतं. मीटर लावून अलार्मची तार पिनेपासून शेवटपर्यंत तपासली. होती, धडधाकट होती. बोर्डावर तार होती आणि पॅचमध्ये नव्हती. सर काचेपलीकडून बघत होते. आत येऊन बोलतील असं वाटलं. आले नाहीत.

संध्याकाळी काकूंच्या ओट्याशी बसून मेल नव्यानं लिहिला. काकू एकेक वाक्याचा अर्थ विचारायच्या आणि बोट फिरवायच्या, काढ. चोर काढ. गरीब काढ. त्यानं काय म्हटलं ते काढ. मग माझ्या माफ्यांवर आल्या. एक काढली तर मी नकळत दुसरीकडे लिहून ठेवत होतो. “ही बघ, इथं पण आहे. ढेकणासारख्या निघताहेत.” शेवटी जे उरलं ते एवढं होतं: हा पॅच मी तपासलेला नाही, ती ओळ मी दिलेली नाही, कृपया काढावी. बोर्डावरची चिप वेगळी आहे, तिच्यावर असं असं नाव आहे. अलार्मची तार बोर्डावर आहे, ती वर्णनात यायला हवी.

वाचून मला तो फार बोडका वाटला. माझा सगळा राग कुठं गेला? मी म्हणालो तसं. काकू म्हणाल्या, “राग इथं काढ ना, मी बसलेय. त्यांना कशाला पाठवतोस? त्यांना काय करायचाय तुझा राग?”

मग मी खरंच काढला. मेल पाठवला आणि त्या ओट्यापुढं उभं राहून सरांना, सप्लायरला, सीझनला, आणि आभारी आहे म्हणणाऱ्या माझ्या थोबाडाला जे जे म्हणायचं होतं ते म्हटलं. निम्मं माझ्या गावच्या भाषेत. काकूंना कळलं नसणार. त्या मधूनमधून ‘हं’ म्हणत होत्या आणि पोळ्या लाटत होत्या.

पॅच थांबला. ज्यांच्या हातात तो आत घेणं असतं त्यांनी सरांना दोन ओळींत विचारलं, ही ओळ कुठून आली? सरांनी लिहिलं, ऑफिसात समज-गैरसमज झाला. इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांच्यातल्याच एकानं मला विचारलं: ‘ह्या कंपनीच्या आधीच्या पॅचखालीही तुमचं नाव आहे. ते तुम्हीच दिलेलं आहे का?’

त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. तरी मला संताप आला. मी केलेल्या खऱ्या कामावर ह्या एका खोट्या ओळीनं संशय घातला होता. जुने सगळे पॅच काढले, माझे तेव्हाचे मेल काढले, प्रत्येक पॅचबद्दल उत्तर दिलं: ही ओळ मी दिली, हीही मीच, ह्यात मी ही चूक दाखवली होती ती सुधारल्यावर दिली. तो माणूस म्हणाला, ‘धन्यवाद, एवढं पुरे’. त्याला पुरलं. मला कितीतरी दिवस पुरलं नाही.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलंस.”

“तुम्ही माझं नाव चव्हाट्यावर नेलं सर. मी ते परत आणलं.”

“फार शहाणा झालायस.”

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा आभार निघाले असते, ह्याची मला खात्री होती. म्हणून ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. ते म्हणाले उद्यापासून येऊ नकोस. मी माझं भिंग आणि मीटर उचललं आणि निघालो. रिक्षानं घरी येताना डोळ्यांत पाणी होतं, ते दुःखाचं नव्हतं.

एम. जी. रोडच्या दुकानानं मला परत घेतलं. फोनांच्या काचा बदलायला लागलो. आणि मग एके दिवशी सरांचा सुधारलेला पॅच आला. चिपचं तिचं स्वतःचं नाव पुढे, जुनीचं मागे. तार परत आलेली. त्यांनी मला मेलमध्ये घेतलं होतं. नियमच तसा असतो, ज्यानं खोट काढली त्याला सुधारलेलं दाखवायचं.

दुकानातला माझा जोडीदार म्हणाला, “सोड रे भावा. मर म्हणावं तिकडंच. तू कशाला वाचतो?”

मलाही तेच वाटत होतं. वाचायचा नाही, किंवा वाचून असा फाडायचा की परत पाठवायची हिंमत होऊ नये. वाचला. तार आली होती खरी, पण तिची दिशा, म्हणजे अलार्म देताना पिन खाली जाते की वर, ती अजून जुन्याच चिपची होती. म्हणजे बोर्ड पुन्हा बोंबललाच असता. मी लिहिलं: दिशा उलटी आहे, चिपच्या कागदात बघा. एवढंच. त्याच्यामागोमाग दुसऱ्या कुणीतरी लिहिलं की चिपला वीज कुठून येते तेही लिहिलेलं नाही. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. सरांच्या रागात मी नको तेवढा दिशेवरच टपून बसलो होतो आणि शेजारचं मला दिसलं नव्हतं. तो दिवस मी स्वतःवर चिडण्यात घालवला.

त्याच्यापुढचा पॅच बरोबर होता. दिशा बरोबर, वीज बरोबर, नाव बरोबर. कागद उघडून एकेक ओळ लावून बघितली. खोट काढायला जागाच नव्हती, आणि मी ती शोधली नाही असं म्हणणार नाही.

मग ती ओळ लिहिली. रिव्ह्यूड-बाय, पुढे माझं नाव. माझ्या हातानं. जोडीदार म्हणाला, “वेडा आहेस का तू? त्यानं तुला काढलं, आणि तू त्यालाच?” मी त्याला काय सांगणार? सरांवरचा राग जागच्या जागी होता, आजही आहे. अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची गाडी दिसली तर मी तोंड फिरवतो. पण पॅचमध्ये लिहिलेलं सगळं खरं होतं. खऱ्याखाली नाव द्यायला मी नाही म्हटलं असतं, तर मग खोट्याखालून ते काढायला एवढा आटापिटा कशासाठी केला होता?

घरी येऊन काकूंना सांगितलं.

“दिलास शिक्का?”

“दिला.”

“मनापासून?”

“नाही. तपासून.”

“मग बरोबर,” त्या म्हणाल्या, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय. त्या पुढे ढकलत राहतात. मुलगा बाहेरदेशी, तो म्हणतो पैसे पाठवतो, करून टाक. पण दवाखान्यात उशाशी बसायला कोण, घरी आल्यावर हाताला धरून पहिली पावलं टाकायला लावणार कोण, हे त्या कुणाला बोलून दाखवत नाहीत. मला म्हणतात, “आधी तुझं बस्तान बसू दे.” काकू, तुम्ही हे वाचणार नाही, तुम्हाला असलं वाचायचा कंटाळा. तरी लिहून ठेवतो, कारण तोंडानं बोलायला गेलो तर नुसते आभारच निघतील. तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी मी दुकानातून सुटी घेऊन तिथं असेन. कितीही दिवस लागले तरी. तुम्ही बसला होतात तसा बसेन.